सेमूचा वाटा

किनाऱ्यावरच्या पांढऱ्या खडीवर कुपा मासे ओळीने मांडले होते आणि म्हातारा पेलेनातो काठी टेकत एकेका घराचं नाव पुकारत होता. मासे मोठे नव्हते. तीन आठवडे पश्चिमेचा वारा लागला होता. होड्या खडपाबाहेर निघत नव्हत्या, दूरच्या आपिया बंदराहून येणारं जहाज दोनदा लांबणीवर पडलं होतं आणि दुकानात पिठाचं पोतं उरलं नव्हतं. त्या दिवशी वाऱ्याने जरा उसंत दिली तशी गावातली तरुण पोरं बाहेर पडली आणि जेमतेम पुरेल एवढं घेऊन आली. इनातीचा, म्हणजे या वाटणीचा, नियमच असा, की मासा कोणी पकडला, कोणाच्या होडीतून आला, याला अर्थ नाही. खडीवर टेकला की तो गावाचा. मग गावातल्या प्रत्येक जिवाला त्यातला सारखा वाटा. पाळण्यातल्या बाळाला जेवढा, तेवढाच फाइपुलेला.

फाइपुले म्हणजे गावाने निवडून दिलेला पुढारी. तो, कालेपो, माडाच्या खोडाला टेकून उभा होता. "फाइपुलेचं घर," अशी हाक झाली तेव्हा त्याची बायको लुता पुढे होऊन मासे टोपलीत घालून आली. मग त्याच्या थोरल्या बहिणीचं, मेलेताचं घर झालं. मग पेलेनातो नेहमीप्रमाणे वळला, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, "सेमूचा वाटा."

समुद्रावर हरवलेल्याचा वाटा घरच्या वाट्यात मिसळत नाहीत. त्याचं नाव वेगळं पुकारतात, तेही पश्चिमेकडे तोंड करून, कारण इथून सुटलेली होडी पश्चिमेलाच वाहून जाते. घरचा कोणीतरी उठतो, 'घेतला' म्हणतो आणि मासा उचलतो. हरवलेल्याच्या बहिणीने पुरे म्हणेपर्यंत हे चालतं. एखादी बहीण वर्षाने पुरे म्हणते, एखादी दोन वर्षांनी. कालेपोच्या थोरल्या भावाचं, सेमूचं नाव मात्र बावीस वर्षं पुकारलं जात होतं.

मासा उचलून आत्याच्या, मेलेताच्या घरी पोचवायचं काम तिमोचं. तो सेमूचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो रांगतही नव्हता. आता त्याला स्वतःचं पोर झालं होतं. आज तो जागचा हलला नाही.

पेलेनातोने पुन्हा पुकारलं.

"ऊठ की रे, मासा वाळून जाईल," कोणीतरी म्हणालं.

"ज्याचा आहे त्याला उचलू दे," तिमो म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. "आज मीच पकडलाय तो. त्या लुसियाच्या घरात पोरांना नुसत्या शेपट्या आल्यात आणि मी अख्खा मासा आत्याकडे न्यायचा. कोणासाठी? जो एकदाही जेवायला आला नाही त्याच्यासाठी."

"पुढाऱ्याच्या घरचा आहे, बाई," बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी बोललं. "उशिराच यायचा."

हशा पिकला. कालेपोही हसला, इतक्या वर्षांच्या राजकारणात स्वतःवरच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसायची सवय त्याने अंगी बाणवली होती. म्हाताऱ्या बायका मात्र हसल्या नाहीत. इनाती मध्येच थांबवता येत नाही, म्हणून शेवटी पेलेनातोने स्वतः वाकून तो मासा उचलला, तिमोच्या पायाशी ठेवला आणि त्याच्या वतीने 'घेतला' म्हटलं. पुढचं घर पुकारलं गेलं.

कालेपो दचकला होता, पण तिमोच्या बोलण्याने नव्हे. दुसरी हाक गेली तेव्हा आपण कान देऊन ऐकत होतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आणि पश्चिमेकडे नव्हे, उलट्या बाजूला.

राजकारणात येण्याआधी कालेपो गावच्या रेडिओवर होता. हवामानाच्या नोंदी घेणं, पाऊस मोजणं, वाऱ्याची दिशा आणि वेग आपियाला कळवणं, हे त्याचं काम. सेमूची पत्र्याची होडी परत आली नाही त्या दिवशी तोच रेडिओवर बसला होता. न्यूझीलंडहून विमान आलं, आणि वैमानिकाने विचारलं, शोधायचं कुठे. कालेपोने वारा धरला, प्रवाह धरला, इंजिन बंद पडल्याची वेळ अंदाजाने धरली आणि समुद्राचा एक चौकोन त्यांना सांगितला. विमानाने तो चौकोन विंचरून काढला. काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी तशाच वाऱ्यात शेजारच्या बेटावरून एक रिकामी होडी सुटली, आणि ती बरोबर त्याच्या रेषेवर सापडली. म्हणजे गणितात चूक नव्हती. चूक असती तर ती मान्य करून त्याला झोप तरी लागली असती. पण गणित बरोबर होतं आणि होडी तिथे नव्हती. मग ती पुढे गेली असणार. पुढे म्हणजे कुठे, हे काढायची त्याला सवय लागली आणि ती सुटली नाही.

सेमूच्या जागी त्याला ज्येष्ठांच्या सभेत बसवलं तेव्हा होडी त्याच्या हिशेबाने तुवालूच्या पलीकडे होती. तो गावचा कारभारी झाला तेव्हा ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वळली होती. न्यूझीलंडकडून कारभार घेऊन आपलं राज्य आपण चालवायचं की नाही यावर तोकेलाऊच्या तिन्ही बेटांनी दोनदा मतदान केलं, दोनदा ते थोडक्यात हुकलं, आणि दोन्ही वेळा निकाल वाचता वाचता त्याच्या मनात आलं की आता सेमू वेलिंग्टनच्या खालून पूर्वेला चालला असेल. फाइपुले झाल्यावर तो न्यूयॉर्कला गेला. तिथे साऱ्या देशांच्या सभेत, मोठ्या लोकांसमोर उसना कोट घालून त्याने सांगितलं, की आमच्या माणसांना आणखी थोडा वेळ हवा आहे. बोलता बोलता तो अडखळला. होडी त्या वेळी दूर दक्षिणेच्या गार पाण्यात होती, जिथे बेटं नाहीत, आणि सेमूकडे कोट नव्हता. ऐकणाऱ्यांना वाटलं त्याला गहिवरून आलं. ते भाषण गाजलं. त्याच्या जोरावर पुढची निवडणूक सोपी गेली.

मग पेरूचा किनारा, मग उत्तर, मग पुन्हा पश्चिम. समुद्राचं हे चक्र पुरं करायला एखाद्या होडीला किती वर्षं लागतील याचं नक्की उत्तर कोणी देत नाही. तरंगणारं बहुतेक सगळं वाटेत कुठेतरी अडकून पडतं, हेही कालेपोला ठाऊक होतं. पण त्याच्या हिशेबात होडी अडकली नव्हती. होडीत कोण आहे, याचा हिशेब त्याने कधी केला नव्हता. तो फक्त जागा काढायचा. आणि या उन्हाळ्यात जागा निघत होती ती बेटाच्या पूर्वेला, अगदी जवळ.

घरी आल्यावर त्याने यातलं काही लुताला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की असं पुन्हा होता कामा नये. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावाची पाळी होती. तिन्ही बेटांनी वर्षावर्षाने घ्यायचा मान या वर्षी त्यांच्याकडे येणार होता आणि कालेपो उलु, म्हणजे सगळ्या तोकेलाऊचा प्रमुख होणार होता. बाकीच्या दोन्ही बेटांचे पाहुणे येणार, वेलिंग्टनचा साहेब येणार, त्यांच्यासमोर इनाती होणार. सारख्या वाट्यावर आयुष्यभर भाषणं केलेल्या माणसाच्या घराण्यात एक वाटा जास्तीचा जातो, आणि तोही न आलेल्या माणसाच्या नावाने, हे त्यांच्यासमोर कोणी बोललं तर?

"मग बंद करा," लुता नीरफणस सोलता सोलता म्हणाली. "पण मेलेताताईंना सांगणार कोण? तुम्ही?"

ते कालेपोला करता येत नव्हतं. भावाने बहिणीच्या चटईवर बसायचं नाही, तिच्यासमोर मरणाचा शब्द काढायचा नाही. फाइपुले असला म्हणून काय झालं.

"बरं," लुता म्हणाली. "म्हणजे उलु तुम्ही व्हायचं आणि शिव्या मी खायच्या. चांगलंय."

तो आधी पेलेनातोकडे गेला, कारण सभेत सगळ्यांत थोरला तो. म्हातारा दाराबाहेर बसून मांडीवर काथ्याचा दोर वळत होता. कालेपोने सगळं नीट मांडलं: मासळी कमी आहे, तरुण पोरं कुरकुरताहेत, परंपरा टिकवायची तर तिच्यातली अडगळ काढली पाहिजे. पेलेनातोने दोर वळणं थांबवलं नाही.

"वाटा बंद झाला म्हणजे सेमू गेला," तो म्हणाला. "सेमू गेला तर तू कोणाच्या चटईवर बसतोस?"

कालेपोला पटकन काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तो खाली बसला.

सभेत प्रत्येक घराण्याचा एक पुरुष बसतो, थोरला. त्याच्या घराण्याचा थोरला सेमू. सेमू येईपर्यंत त्याचं तोंड म्हणून कालेपोला बसवलं होतं. प्रत्येक भाषणाची सुरुवात तो 'सेमूच्या वतीने' अशी करायचा. ते शब्द इतके घासले गेले होते की कोणाच्या कानाला लागत नव्हते, त्याच्या स्वतःच्याही नाही. सेमू गेला, असं गावाने म्हटलं की ती चटई भावाची होत नाही, मुलाची होते. तिमो अजून लहान. त्याच्या डोक्यात पांढरा केस येईपर्यंत चटई गुंडाळून ठेवायची. मुलाच्या वतीने कोणी बसत नाही, आणि सभेत जो बसत नाही तो फाइपुले राहत नाही. उलु तर नाहीच नाही.

हे त्याला माहीत नव्हतं असं नव्हे. लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी वर्षं तो मासा नुसता मासा म्हणून बघत आला होता, आणि ज्या चटईवर बसून तो कारभारी झाला, फाइपुले झाला, तिच्याकडे त्याने वाकून बघितलंच नव्हतं.

"घाबरू नकोस," पेलेनातो म्हणाला. "वारा फिरला की मासे येतील. पोटं भरली की पोरं गप्प बसतात. तिमोला मी समजावतो. तू वर्षभर मिरवून घे. एवढी वर्षं पुकारलं, आणखी एका वर्षाने काय होतंय?"

कालेपोला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्याची त्याला लाज वाटली, आणि तरी वाटायचं थांबलं नाही.

परतताना वाटेत तिमो होडी पालथी घालून तिच्या तळाची चीर बुजवत होता. काकाला बघून तो उठून उभा राहिला. कालेपोने त्याला म्हटलं, की बापाच्या नावाने असं चारचौघांत बोलायला नको होतं.

"काका, मला तुमची चटईबिटई नकोय," तिमो म्हणाला. पेलेनातोने विचारलेलं या पोराच्या आधीच लक्षात आलं होतं तर. "मासापण नकोय. लोकांच्या बापाच्या कबरी आहेत घरापुढे. रविवारी धुतात, फुलं ठेवतात. माझा पोरगा परवा विचारत होता, आपली कुठंय. काय सांगू त्याला? आजोबा वाटेत आहेत?"

कालेपोच्या तोंडून 'हो' निघता निघता राहिलं. वारा फिरला की बघू, असं काहीसं बोलून तो निघाला.

घरी पोचताच त्याने लुताला सांगितलं, की ताईकडे जायची आता गरज नाही, मिटलं. लुता चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं.

"मी जाऊन आले," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना? ताईंनी तुम्हाला बोलावलंय. तुम्हाला, मला नाही."

मेलेताच्या घराच्या बाजू उघड्या होत्या. नुसत्या माडाच्या झावळ्यांचे पडदे, वर गुंडाळलेले. ती आत पाठमोरी बसली होती. कालेपो बाहेरच्या पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून. दोघं एकमेकांशी असं किती वर्षांनी बोलत होती, हे दोघांनाही आठवलं नसतं. दुपार कलली होती. खडपाच्या आतल्या पाण्यावरून पोरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"लुताने सांगितलं," मेलेता म्हणाली. "बरं झालं. मी पहिल्याच वर्षी पुरे म्हणणार होते."

"मग?"

"मग तुला त्याच्या चटईवर बसवलं. तू बोललास. सगळे म्हणाले पोरगं बरं बोलतं. म्हटलं राहू दे एक वर्ष. मग तू कारभारी झालास. म्हटलं राहू दे. मग तू जहाजाने तिकडे गेलास, विमानाने पलीकडे गेलास. दर वेळी म्हटलं, आत्ता कशाला."

"माझ्यासाठी?"

"नाही तर काय माशासाठी?"

"मला वाटायचं तुझ्यासाठी चाललंय. तुला सोडवत नाही म्हणून. मी सगळ्यांना तेच सांगत आलो."

"ते ठाऊक आहे मला. लोक येऊन सांगायचे, फाइपुले बहिणीचं मन किती जपतो." ती हसल्यासारखं वाटलं. "मतं पडली असतील त्याच्यावर."

पडली होती. त्याने विचारलं, की त्या माशाचं ती काय करायची.

"शिजवायचे. पानावर काढायचे. त्या तिथे, पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवायचे. सकाळी पान रिकामं."

"मांजरं असतील."

"मांजरं म्हण." ती थांबली. "आधी पान इकडेतिकडे विस्कटलेलं असायचं. तेव्हा मांजरंच असतील. हल्ली नीट दुमडलेलं असतं. आईने शिकवलं होतं तसं, काटे आत."

कालेपोने पायरीची कडा घट्ट धरली. मांजर पान दुमडत नाही, हे कळायला हवामानखात्याचं शिक्षण लागत नाही. खेकडे असतील का, वाऱ्याने पान कसं दुमडेल, याचा त्याचं डोकं आपोआप विचार करू लागलं, आणि पहिल्यांदाच त्याला त्या डोक्याचा कंटाळा आला.

"तो दमलाय रे," मेलेता म्हणाली. "दर वेळी आपण पुकारतो आणि तो वळतो. कुठेही असला तरी वळतो. त्याला आडवं व्हायला कोणी देतच नाही. आणि आता तो जवळ आलाय. मला विचारू नकोस कसं कळलं. तू हल्ली पूर्वेच्या किनाऱ्यावर पाय ठेवत नाहीस, हे मी बघितलंय."

त्याने आयुष्यात हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

"मी पुरे म्हणतेय," ती म्हणाली. "पण शेवटची हाक भावाने मारायची असते. ती तू मारली नाहीस तर माझ्या म्हणण्याला अर्थ नाही. पेलेनातो तुला एक वर्ष देत असेल. घे हवं तर. मी कोणापाशी बोलणार नाही. फक्त मला आता ते पान ठेववत नाही, कालेपो. भीती वाटते म्हणून नाही. त्याला भूक लागत असेल तर तो अजून मेला नाही, आणि मेला नसेल तर आपण त्याला काय करतोय?"

कालेपो उठून घराकडे निघाला. उलु होण्याची हौस नव्हती, असं तो कधीच म्हणाला नसता. हौस होती. नक्षीची काठी हातात घेऊन तिन्ही बेटांवर उतरावं, प्रत्येक धक्क्यावर गाणी व्हावीत, हे त्याने किती वेळा मनात बघितलं होतं. त्यासाठी लागत होतं ते एवढंच, की आणखी एक वर्ष कोणीतरी समुद्राकडे तोंड करून एक नाव घ्यावं.

दोन दिवसांनी पुन्हा होड्या आल्या. या वेळी मासळी बरी होती. पेलेनातोने कालेपोकडे बघून हळूच मान हलवली, बघ, म्हणालो नव्हतो? घरं पुकारली जात होती. या वेळी मेलेताचं घर फाइपुलेच्या घराआधी झालं. पेलेनातो काठी टेकत समुद्राकडे वळणार, तोच कालेपो माडाच्या खोडापासून निघाला आणि खडीवर येऊन त्याच्यापुढे उभा राहिला.

"ताई पुरे म्हणाली," तो म्हणाला. "हाक मी मारतो."

पेलेनातो क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "नीट विचार केलास?" कालेपोने समुद्राकडे तोंड केलं. म्हातारा बाजूला झाला.

शेवटच्या हाकेचे नियम थोडे आहेत. गावाकडे पाठ करायची. नाव घ्यायचं. थांबायचं. उत्तर आलं नाही तर तसं मोठ्याने सांगायचं. आणि खडीवरचा शेवटचा मासा उचलला जाईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या मते हरवलेला माणूस पश्चिमेलाच असतो, समोर. मागे फक्त गाव असतं, गावामागे माडांची राई आणि तिच्यापलीकडे पूर्वेचा किनारा. बेट इतकं अरुंद, की इकडे मारलेली हाक तिकडे सहज ऐकू जाते.

कालेपोने पाण्याकडे बघितलं. वारा पडला होता. भाषणं करणारा त्याचा आवाज, न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आलेला, तो त्याला सापडेना. शेवटी जो आवाज निघाला तो लहानपणी होडीतून उतरायला उशीर झाला की मारायच्या हाकेसारखा होता.

"सेमू."

खडपावर एक लाट फुटली आणि ओसरली.

मग त्याच्या मागून, घरांच्या आणि माडांच्या पलीकडून, आवाज आला. पत्र्याचा तळ प्रवाळाच्या खडीवर घासत वर ओढल्याचा. हा आवाज गावातलं कोणीही झोपेतही ओळखेल. रोज इकडच्या किनाऱ्यावर होतो. तिकडच्या किनाऱ्यावर होड्या कोणी लावत नाही, तिथे लाटा आहेत. आवाज एकदा झाला, थांबला आणि पुन्हा एकदा झाला, दमलेला माणूस दोन खेपांत होडी ओढतो तसा.

मागे कोणी काही बोललं नाही. एवढ्या माणसांत एक पोरही रडलं नाही, त्यावरूनच कालेपोला कळलं की हे आपल्या एकट्याच्या कानात वाजलेलं नाही. वळावंसं वाटलं. वळून ओरडावं, तो आलाय, माझं गणित बरोबर होतं. वळला असता तर वाटा चालू राहिला असता, चटई राहिली असती, सगळं राहिलं असतं. आणि मेलेताने पुन्हा पान ठेवलं असतं.

"उत्तर नाही," कालेपो म्हणाला. आणि हे पुरेसं मोठ्याने झालं नाही असं वाटून पुन्हा म्हणाला, "सेमूचं उत्तर नाही."

पेलेनातोची काठी खडीवर टेकल्याचा आवाज आला. सेमूच्या नावाचा मासा आता गावाचा झाला; म्हाताऱ्याने तो लुसियाच्या घराला पुकारला. मग हाक झाली, "कालेपोचं घर." फाइपुलेचं नव्हे. इतक्या वर्षांत ती हाक अशी झाली नव्हती. लुताची पावलं आली, टोपलीत मासे पडले, पावलं गेली. बाकीची घरं झाली. एकेक करून पावलं यायची, मासा उचलल्याचा ओलसर आवाज व्हायचा, आणि पावलं जायची. पेलेनातो पुकारायचा थांबला. संपलं असं कालेपोला वाटलं.

तेवढ्यात आणखी कोणाची तरी पावलं आली. अनवाणी, ओली, सावकाश. ती त्याच्या मागे अगदी जवळ येऊन थांबली. कुबट खारा वास आला, बंद होडीत साचलेल्या पाण्याचा. कालेपोने डोळे मिटले नाहीत. तो पश्चिमेकडे बघत राहिला. मागे खडी हलली, कोणीतरी वाकलं, उठलं. मग ती पावलं घरांच्या दिशेने गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

बऱ्याच वेळाने लुता येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"झालं," ती म्हणाली. "वळा आता."

"शेवटचा मासा कोणी उचलला?"

"तुम्हाला काय करायचंय?" तिने त्याचा दंड धरला. तिची बोटं गार पडली होती. "उचलला. चला घरी."

कालेपो वळला. खडी मोकळी होती. तिमो पोराला कडेवर घेऊन उभा होता आणि त्याचे गाल ओले होते. मेलेता घराकडे निघाली होती. सगळं गावच आपापल्या टोपल्या उचलून घरोघर चाललं होतं, नेहमीसारखं बोलत, एकमेकांना टोमणे मारत, फक्त नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. आणि पूर्वेच्या माडांकडे त्यांतलं कोणीही, एकदाही, बघत नव्हतं.